काळी नदीच्या काठाकाठानं कारवारला

शुक्रवार : लोंढा, गणेशगुडी, अणशी घाट

बेळगावहून कारवारला जाणारे बहुतेक जण चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरतात आणि काणकोणवरून पुढं जातात. आम्ही खानापूर-लोंढ्याचा रस्ता धरला, कारण ताईंनी फोनवर बजावलं होतं. "भाऊजी, गोव्यावरनं येऊ नका. नदीबरोबर खाली या. आमच्या गावाचं काय व्हायचं ते वरच ठरतं, ते आधी बघून या."

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. जन्म कारवारच्या कोडीबागेतला. काळी नदी समुद्राला मिळते त्या टोकाला कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्राचा विभाग आहे. तिथं त्या घरून चालत जाऊन शिकल्या. पुढं आयुष्यभर संशोधन केलं ते त्याच खाडीचं. बाहेरगावच्या मोठ्या संस्थांतून बोलावणी आली तेव्हा "माझी प्रयोगशाळा इथं वाहते, ती उचलून कशी नेऊ?" एवढंच त्या म्हणाल्या. निवृत्त होऊनही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बाटल्या घेऊन खाडीत जाणं त्यांनी सोडलेलं नाही.

"बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी" ही नावं आमच्या पिढीला लहानपणापासून एका दमात म्हणता येतात. १९५६ पर्यंत बेळगाव आणि कारवार दोन्ही मुंबई राज्यात होती. कारवार तर १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आलं होतं. घोषणेत कारवारचा नंबर दुसरा. सोयरिकी आहेत, बाजारात तिकडची मासळी येते. तरीही कारवारच्या पाण्याचं काय चाललंय याची विचारपूस आम्ही घाटमाथ्यावरच्या लोकांनी फारशी केली नाही, आणि ही गोष्ट मला आता लागते.

लोंढ्याच्या पुढं पांढरी नदी लागते. फेब्रुवारीत तिच्यात दगडच जास्त दिसतात. ही पांढरी सुपा धरणाच्या जलाशयात काळीला मिळते. म्हणजे खानापूर तालुक्याच्या या पश्चिम पट्ट्यात जो पाऊस पडतो त्यातला बराचसा शेवटी कारवारला पोचतो. मी याच तालुक्यात विज्ञान शिकवत म्हातारा झालो. मुलांना मलप्रभा शिकवली, म्हादई शिकवली. पांढरीवर कधी धडा घेतल्याचं आठवत नाही.

रामनगर हे सुपा धरणात घरं गेलेल्या लोकांचं गाव. काळी आणि पांढरीच्या संगमावरचं जुनं सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली. चहाच्या टपरीवर एक म्हातारे भेटले, मराठी-कोकणी मिसळून बोलत होते. "बसा की," म्हणाले. जुनं घर कुठं होतं ते सांगताना हात जलाशयाच्या दिशेला गेला आणि तसाच राहिला. आमच्याकडं त्यावर बोलायला काही नव्हतं.

गणेशगुडीला सुप्याची भिंत दिसते. उंची १०१ मीटर, राज्यातल्या सगळ्यांत उंच धरणांपैकी एक. इथून खाली काळीचं एकच पाणी पुन्हा पुन्हा कामाला लागतं. सुप्याच्या पायथ्याशी वीज, मग बोम्मनहळ्ळीच्या जलाशयातून नागझरीला वीज, मग कोडसळ्ळी, मग कद्रा. कद्र्याच्याच जलाशयाचं पाणी कैगाच्या अणुभट्ट्या थंड करायला जातं. प्रत्येकी २२० मेगावॉटच्या चार भट्ट्या तिथं आहेत. त्यांतल्या पहिलीनं २०१८ साली सलग ९६२ दिवस न थांबता चालण्याचा जागतिक विक्रम केला. आणखी दोन, ७०० मेगावॉटच्या, मंजूर आहेत. डिगीच्या डोंगरात उगम पावून १८४ किलोमीटरांत समुद्राला मिळणाऱ्या नदीवर एवढा भार आहे. बेळगाव-हुबळीच्या घरातले दिवे त्यावर लागतात हे मी विसरत नाही. ताईही विसरत नाहीत. त्यांचं म्हणणं मला नंतर कळलं.

गणेशगुडीच्या खाली राफ्टिंगच्या रबरी होड्या ओळीनं पालथ्या घातल्या होत्या. पोरं वाट बघत बसलेली. धरणातून पाणी सुटलं की नदी फुगते आणि धंदा सुरू होतो. "कधी सुटणार?" विचारलं तर एकानं खांदे उडवले, "वरून फोन आला की." पर्यटकांना तो फोन येतो. खाली खाडीत तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला उतरलेल्या बाईला येत नाही. हे वाक्य माझं नाही, दुसऱ्या दिवशी ताईंनी म्हटलेलं आहे, पण त्याची जागा इथं आहे.

जोयडा, कुंभारवाडा, अणशी. काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. जोयड्याच्या बाजूला कुणबी लोक परसात तऱ्हेतऱ्हेचे कंद लावतात. रस्त्याकडेला एका बाईकडून आम्ही मुडली घेतली. घाट उतरून कद्र्याला आलो तेव्हा ऊन कललं होतं आणि हवेत दमटपणा आला होता. २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्यावर कद्र्याच्या खालच्या गावांत पाणी शिरलं, लोकांना घरं सोडावी लागली. धरणाखाली राहायचं म्हणजे काय ते इथल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

ताईंच्या घरी पोचलो, कुंद्याचा डबा दिला. पानात बांगड्याचं हुमण होतं, तिरफळ घातलेलं. जेवताना त्यांनी विचारलं, "सुप्यात पाणी किती होतं?" मी म्हटलं, "भरपूर." "भरपूर म्हणजे किती, भाऊजी? भिंतीवर आकडे लिहिलेले असतात." मी ते पाहिले नव्हते.

शनिवार : काळीची खाडी

पहाटे अंधारातच निघालो. एका खारवी तरुणाची होडी होती, ताईंच्या हातात जुनी कापडी पिशवी. तिच्यात बाटल्या, तापमापक, दोरीला बांधलेली काळीपांढरी तबकडी आणि बोटभर लांबीचं एक यंत्र. त्याच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडं बघितलं की खारेपणा वाचता येतो. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत साधारण ३५ भाग मीठ असतं. पावसाळ्यात पूर आला की खाडीत तेच शून्याजवळ येतं आणि उन्हाळ्यात भरती आत शिरली की पुन्हा चढतं. खाडीतला प्रत्येक जीव या चढउतारावर जगायला शिकलेला आहे. कालवं कुठं चिकटावीत, तिसऱ्या कुठल्या वाळूत राहाव्यात, कोळंबीची पिल्लं कुठवर आत यावीत, सगळं त्या मिठावर ठरतं.

"आता बघा," ताई म्हणाल्या, "धरणं झाली, आणि उन्हाळ्यात नदी आटायची थांबली. वीज वर्षभर लागते, म्हणून पाणी वर्षभर सुटतं. लोकांना वाटतं, चांगलंच की, नदीला बारमाही पाणी. पण खाडीला उन्हाळ्यातला खारटपणा हवा असतो. तो वेळेवर आला नाही की तिसऱ्यांची नवी पिढी धरत नाही, धरली तर खाली मुखाकडं सरकते." शेजारच्या शरावती नदीवर हे आधी घडलंय. लिंगनमक्की आणि गेरसोप्प्याच्या धरणांतून बारमाही सुटणाऱ्या गोड्या पाण्यानं तिथल्या खाडीचा खारटपणा उतरला आणि खाण्याच्या शिंपल्यांचा व्यवसाय बसला. अभ्यासकांनी ते लिहून ठेवलंय. काळीचं तसं होऊ नये म्हणून ताई मोजत असतात.

सुंकेरी आणि कडवाडच्या बाजूला कांदळवन दाट आहे. भरती ओसरत होती, तिवरांची श्वासमुळं चिखलातून वर येऊ लागली होती. कांदळाच्या लांब शेंगा फांदीवरच रुजून खाली लोंबत होत्या. पांढऱ्या चिप्पीच्या फांद्यांवर बगळे. ताई झाडांची नावं सांगत गेल्या, आणि मग एका सपाट उघड्या चिखलाशी होडी थांबवून म्हणाल्या, "हा चिखल मला त्या झाडांएवढाच प्रिय आहे." कांदळवन वाढवायचं म्हणून जिथं मोकळा चिखल दिसेल तिथं एकाच जातीची रोपं ओळीनं लावायची पद्धत सगळ्या किनाऱ्यावर आहे. अशा चिखलातच शिंपले वाढतात, परदेशातून आलेले पाणपक्षी चरतात. चिखल झाकला की ते गेले. वनखात्याच्या लोकांशी त्यांचे यावर वाद झाले, आणि पुढं त्यांच्याच रोपवाटिकेत बसून कुठली जात कुठं लावायची ते त्यांनी समजावलंही. मला ही रीत फार आवडली. वाद घालायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला हजर व्हायचं.

पुढं बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायानं वाळू चाचपत होत्या. ताईंनी हाक मारली. "उदक कशें आसा?" एकीनं उत्तर दिलं, "गोडें जालां, बाय. तिसऱ्यो मेळनात." ताईंनी लगेच तिथलं पाणी यंत्रावर घेतलं आणि वहीत लिहिलं. त्या बाईची जीभ आणि ताईंचं यंत्र एकच सांगत होते. "माझ्या आधी हिला कळतं," ताई मला म्हणाल्या. "फरक एवढाच की माझं लिहिलेलं असतं. कचेरीत कागद लागतो."

त्या वह्या मी दुपारी घरी पाहिल्या. कपाटभर आहेत. तारीख, वेळ, भरतीची स्थिती, तापमान, खारेपणा, पाणी किती खोल दिसलं, कुणी काय पकडलं. मधल्या पानांवर पावसाचे डाग, एका वहीत माशाचा खवला चिकटून वाळलेला. यातल्या काही नोंदींवरून त्यांचे शोधनिबंध झाले, ते इंग्रजीत. पण गेली काही वर्षं त्या दर पावसाळ्यापूर्वी चार पानांचं एक पत्रक काढतात, कानडीत आणि देवनागरी कोकणीत. खाडीत या वर्षी काय दिसलं, कुठं शिंपले लहान आहेत म्हणून काढू नयेत, कुठं पाण्याला वास आला. हे पत्रक मासळी बाजारात वाटलं जातं. माझ्या मते त्यांच्या सगळ्या लिखाणात हेच मोठं. विज्ञान ज्यांच्या पोटाशी संबंधित आहे त्यांच्या भाषेत ते पोचवायला जी चिकाटी लागते तिला बढतीच्या अर्जात रकाना नसतो. असायला हवा.

परतताना सदाशिवगडाच्या पुलाखालून आलो. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री इथला जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत गेला, चालक वाचला, त्याला बाहेर काढणाऱ्यांत इथलेच मच्छीमार होते. ताईंनी पाण्यात हात घालून प्रवाह दाखवला. नदीतून वाळू उपसली की तळ खोल होतो, काठ ढासळतात. त्यात वर धरणांमागं गाळ अडलेला, म्हणजे नवी वाळू फारशी येत नाही. देवबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी गेलो तेव्हा काठावरची सुरूची झाडं मुळं उघडी पडून आडवी झालेली दिसली. देशाच्या किनाऱ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा कमीअधिक झिजतो आहे असं राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीत दिसलंय. देवबागला त्या आकड्याच्या शेजारी उभं राहता येतं. "समुद्र वाळू नेतो आणि परत आणतो, तो त्याचा हिशोब आहे. नदीनं आपला हप्ता भरला नाही तर तो आपल्या घरातनं वसूल करतो," ताई म्हणाल्या.

मी विचारलं, "मग धरणं फोडायची का?"

"असं कोण म्हणालं? वीज मलाही लागते. पाणी कधी सोडायचं हे ठरवताना खाडीलाही विचारा, एवढंच माझं मागणं आहे. भरती केव्हा, शिंपल्यांचा हंगाम केव्हा, हे त्यांच्या वेळापत्रकात यावं. आणि पाणी सोडायच्या आधी जशी वर राफ्टिंगवाल्यांना खबर जाते तशी खाली आमच्या बायकांना जावी."

रविवार : बैतखोल, टागोर किनारा, माजाळी

बैतखोलच्या धक्क्यावर सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हरिकंत्र, खारवी, गाबीत, अंबिग, सगळ्या समाजांच्या बायका टोपल्या घेऊन लिलावाला. तारली कमी, बांगडा बरा. तारलीचं असंच असतं, एखाद्या वर्षी ढीग, मग काही वर्षं शोधूनही मिळत नाही. समुद्राचं तापमान आणि एल निनो यांच्याशी तिचा संबंध संशोधकांनी लावलाय, पण पकडणाऱ्यांनीही हात आखडावा लागतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. तेजस्वी दिवे लावून मासे गोळा करण्याला आणि दोन बोटींनी मिळून जाळं ओढण्याला केंद्रानं २०१७ साली मनाई केली. धक्क्यावरच्या एका तांडेलानं आवाज खाली करून सांगितलं, की रात्री दूरवर दिवे अजून दिसतात.

इथं एके काळी रांपणीचं राज्य होतं. होडीनं अर्धचंद्रासारखा वेढा घालून जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पन्नासेक माणसांनी ओढायची. मिळालेल्या बांगड्यात ओढणाऱ्यांचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि गावातल्या म्हाताऱ्या-विधवांचाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात थव्याला घेरून जाळं आवळणाऱ्या पर्ससीनच्या बोटी आल्या, त्यांनी थवा किनाऱ्याला लागायच्या आधीच गाठायला सुरुवात केली, आणि रांपणी बसत गेली. आता येंडी ओढतात, तिचंच धाकटं रूप. माजाळीच्या बाजूला आम्ही येंडी ओढताना पाहिली. ताई वाळूत बसून बांगड्यांची लांबी पट्टीनं मोजत होत्या आणि शेजारी सहावी-सातवीतली दोन पोरं आकडे लिहून घेत होती. लांबी का मोजायची असं मी त्या पोरांनाच विचारलं. "अंडी घालायच्या आधी पकडला की नाही ते समजतं," एक म्हणाला. मला माझ्या वर्गातली मुलं आठवली. त्यांना मी माशाची आकृती फळ्यावर काढून दिली होती.

दुपारी टागोर किनाऱ्यावर. १८८३ साली बावीस वर्षांचे रवींद्रनाथ इथं आले होते, त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते. किनाऱ्याला त्यांचं नाव आहे. एका टोकाला बंदर, पलीकडं डोंगराआड नौदलाचा तळ. आयएनएस कदंब २००५ साली सुरू झाला. त्यासाठी अरगा-बिणगा पट्ट्यातली घरं आणि मासेमारीच्या जागा गेल्या. देशाला तळ हवा होता, हे इथले लोक मान्य करतात, आणि त्याची किंमत कुणी दिली हेही त्यांना माहीत आहे. म्हणून जानेवारी २०२० मध्ये बंदराच्या विस्तारासाठी या किनाऱ्यालगत लाटरोधक भिंतीचं काम सुरू झालं तेव्हा मच्छीमार रस्त्यावर उतरले, बाजार बंद राहिला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि काम थांबलं. शहराला उरलेला मोठा मोकळा किनारा हा एकच, होड्या ओढायला जागा हीच.

त्या दिवसांत ताईंनी काय केलं ते मला बायकोनं सांगितलं, त्या स्वतः सांगणार नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्याकडं आले होते. त्यांनी कुणाच्या व्यासपीठावर भाषण केलं नाही. लाटा कुठून येतात, वाळू पावसाळ्यात कुठं जाते आणि दिवाळीनंतर कशी परतते, भिंत घातली तर ती कुठं साचेल आणि कुठं खचेल, याचा एक नकाशा काढला आणि दोन्हीकडच्यांना एकच प्रत दिली. काही जण दुखावले. आपल्या बाजूचं असताना आपल्याला हवं तेवढंच का बोलत नाही, म्हणून. मला वाटतं त्या नकाशामुळंच आज धक्क्यावर त्यांच्या शब्दाला मान आहे. उद्या कासवाच्या घरट्याबद्दल त्या काही सांगतील तर लोक ऐकतात, कारण बंदराबद्दल त्यांनी वाढवून सांगितलं नव्हतं.

कासवाचं घरटं आम्हाला संध्याकाळी बघायला मिळालं. ऑलिव्ह रिडलेच्या माद्या थंडीत इथं वाळूत अंडी घालून जातात. वनखात्याच्या लोकांनी भोवती जाळी लावली होती, वर तारखेची पाटी. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्लं निघतात. वाळू किती तापली यावर नर होणार की मादी ते ठरतं, जास्त ऊब असली की माद्या. किनारे तापत चालले तर पुढं काय, हा प्रश्न ताईंनी त्या वनरक्षकाला विचारला आणि घरट्यावर थोडी सावली करता येईल का यावर दोघं बराच वेळ बोलत राहिले.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कारवार केंद्रानं समुद्रातल्या पिंजऱ्यांत जिताडा आणि मोडुसा वाढवायचं तंत्र इथं रुजवलं, त्याबद्दलही त्या भरभरून बोलल्या. मात्र पिंजऱ्यातल्या माशाला खाऊ घालायला छोटी मासळी लागते, तिचा हिशोब धरून बोला, असं त्या सोबत सांगतात.

सोमवार : अघनाशिनी

कारवारच्या दक्षिणेला, अंकोला ओलांडून कुमट्याकडं. वाटेत शिरूर. १६ जुलै २०२४ ला इथं डोंगर महामार्गावर आणि गंगावळी नदीत उतरला. गाडीतलं बोलणं आपोआप थांबलं.

अघनाशिनीवर एकही धरण नाही. शिरसीजवळ उगम पावते, उंचळ्ळीला कड्यावरून कोसळते आणि तदडीला समुद्राला मिळते, कुठंही न अडता. जानेवारी २०२४ मध्ये तिच्या खाडीला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. ताईंना आम्हाला हीच तुलना दाखवायची होती. ओहोटीला चिखल उघडा पडला आणि माणसं, बायका, पोरं पसरली. पाट्यांनी शिंपले निघत होते. काठच्या खाजण शेतांत, ज्यांना इकडं गजनी म्हणतात, पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा कग्गा भात पिकतो आणि भात काढल्यावर त्याच शेतात कोळंबी धरतात. पलीकडं सानिकट्ट्याची मिठागरं. एका खाडीवर भात, मीठ, मासळी, शिंपले, सगळं एकाच वेळी.

तदडीला एके काळी ४००० मेगावॉटचा कोळशावरचा वीजप्रकल्प येणार होता. लोकांनी आणि अभ्यासकांनी या खाडीत किती प्रकारची मासळी आणि शिंपले आहेत, त्यावर किती घरं चालतात, ते मोजून मांडलं. प्रकल्प बारगळला. "मोजलेलं नसतं तर ही ओसाड दलदल आहे असं कागदावर आलं असतं," ताई म्हणाल्या. इथंही सगळं आलबेल नाही. शिंपल्यांचा उपसा फार होतो, लहान शिंपलेही कवचाच्या चुन्यासाठी जातात. ताईंनी ते लपवलं नाही, उलट चिखलात उतरून पाटीतले बारके शिंपले निवडून दाखवले आणि काढणाऱ्या बाईशी कानडीत बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी दोघी हसल्या. बाईनं काही बारके परत पाण्यात टाकले, सगळे नाही.

मंगळवार : कद्रा, परतीचा घाट

निघताना ताई आमच्याबरोबर कद्र्यापर्यंत आल्या. नदीकाठच्या एका चहावाल्याकडं त्यांची एक वही असते. पाणी कधी वाढलं, कधी उतरलं, रंग कसा होता, तो लिहून ठेवतो. वरच्या गावांत असे आणखी काही जण आहेत, कुणी शाळेतला शिपाई, कुणी बागाईतदार. सगळ्यांच्या नोंदी पावसाळ्यानंतर एकत्र येतात. चहावाल्यानं वहीचे पैसे घ्यायला नकार दिला, उलट विचारलं, "मॅडम, या वर्षीचा कागद कधी येणार?" २०१९ च्या पुरात त्याचं दुकान छपरापर्यंत बुडालं होतं.

"माझ्याकडं कद्र्याच्या खालचं सगळं आहे," ताई मला म्हणाल्या. "जोयड्याचा पाऊस मिळतो. लोंढ्याकडनं पांढरीत किती येतं ते मला रोजच्या रोज कुणी देत नाही. भाऊजी, तुमची शाळा पांढरीच्या पाणलोटात आहे की."

मी निवृत्त झालो असलो तरी त्या शाळेत माझं जाणं-येणं आहे. तिथंच गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून ठरवलं. पर्जन्यमापक मे महिन्यात बसवायचा. जागा मोकळी हवी, इमारतीपासून आणि झाडांपासून त्यांच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. आमच्या शाळेचं पटांगण त्याला पुरेल, फक्त कोपऱ्यातलं फणसाचं झाड नडतंय, म्हणून ध्वजस्तंभाच्या पलीकडची जागा. नोंद रोज सकाळी साडेआठला, हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे. पांढरीच्या पुलाच्या खांबावर पाण्याच्या उंचीच्या खुणा रंगवायच्या, त्यासाठी बांधकाम खात्याची परवानगी मी काढणार. आठवी-नववीची मुलं आळीपाळीनं वाचतील, मराठीतच लिहितील, आणि रोजचा आकडा ताईंच्या फोनवर जाईल. मुख्याध्यापिका बाईंना मी तिथूनच फोन लावला. त्यांनी लगेच होकार दिला आणि एकच अडचण काढली, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार. ताईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्यांना सांगितलं, की एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात दोन दिवसांचं पाणी मिसळतं, म्हणून रविवार सुटता कामा नये. शाळेच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या दोन मुलींची नावं बाईंनी सुचवली. जूनच्या पहिल्या आठवड्यात ताई लोंढ्याला येऊन मुलांना यंत्र वाचायला शिकवतील, मासळी बंदीचा काळ असल्यानं तेव्हा त्यांना धक्क्यावर काम कमी असतं.

गणेशगुडीला पोचल्यावर बायकोनं गाडी थांबवायला लावली. सुप्याच्या भिंतीवरची पाण्याची पातळी आम्ही वाचली आणि ताईंना कळवली.